कॅमचे टायमिंग मोजताना तीन वेळा तीन उत्तरे का येतात?

म्हापसेकर (धागालेखक)

वडिलांची प्रीमियर पद्मिनी गेली अकरा वर्षे म्हापशाच्या घरामागील पडवीत उभी होती. यंदा चवथीला तिच्यातूनच सत्तरी तालुक्यातल्या मूळ घरी जायचे, असे घरात सर्वांसमक्ष बोलून बसल्यामुळे जूनपासून इंजिन बांधायला घेतले आहे. इंजिन मूळचेच, १०८९ सीसीचे, बोअर ६८ आणि स्ट्रोक ७५ मि.मी., कॅम ब्लॉकमध्ये, चेनवर फिरणारा आणि पुशरॉडने व्हॉल्व्ह उघडणारा. बोअर वाढवून नवीन पिस्टन बसवले, मेन बेअरिंगच्या घरांचे लाइन बोअरिंग करून घेतले आणि झिजलेला कॅम नव्याने घासून आणला. घासणाऱ्याने हाताने लिहिलेला कागद सोबत दिला आहे. टॅपेट (कॅमवर टेकून पुशरॉड उचलणारा तुकडा) १ मि.मी. उचलले जाते त्या क्षणी मोजल्यास इनलेट व्हॉल्व्ह टी.डी.सी.च्या (पिस्टन सर्वांत वर, म्हणजे टॉपवर असतो तो क्षण) ४ अंश आधी उघडतो आणि बी.डी.सी.नंतर (पिस्टन सर्वांत खाली असतो तो क्षण) ३६ अंशांनी बंद होतो, असे त्यात आहे. म्हणजे कालावधी २२० अंश आणि इनलेटचा मध्य, म्हणजे उघडणे आणि बंद होणे यांच्या मधोमधचा क्षण, टी.डी.सी.नंतर १०६ अंशांवर.

चेन लावताना क्रँक आणि कॅम यांच्या दातेरी चकत्यांवरच्या खुणा जुळवल्या आणि केवळ खात्री करावी म्हणून डिग्री व्हील (क्रँकवर बसवायचे अंशांचे चाक) लावले. हेड अजून बसवलेले नाही. पिस्टनच्या माथ्यावर डायल गेज टेकवून सुई जिथे थांबली तिथे शून्य धरले. मग तेच गेज पहिल्या इनलेट टॅपेटवर नेले आणि लिफ्ट सर्वाधिक दिसली तिथला अंश टिपला. पहिल्या वेळी १०९ आला, दुसऱ्या वेळी ११३, तिसऱ्या वेळी ११०. तिन्ही आकडे १०६ पेक्षा मोठे आहेत, त्यामुळे कॅम मागे आहे, म्हणजे व्हॉल्व्ह उशिरा उघडतात, असे दिसते, पण जो मोजमापकर्ता स्वतःशीच चार अंशांनी भांडतो त्याच्या शब्दावर कॅम घासणाऱ्याला फोन करण्याचा धीर होत नाही. चूक कुठे होत असावी?

फोंड्याचा पाना

भाऊ, खुणा जुळल्या असतील तर झाकण लावा आणि पुढच्या कामाला लागा. क्रँकच्या चकतीला १८ दात असतील तर एक दात चुकला की २० अंशांचा फरक पडतो आणि तो इंजिन चालू करताच कानाला कळतो. तीन-चार अंशांनी पद्मिनी काही विमान होणार नाही. मी पंचवीस वर्षे बुलेटच्या गिअरांचे ठिपके जुळवून इंजिने बांधतो आहे, आजवर एकही गिऱ्हाईक अंश मोजायला आलेले नाही.

शून्य दशांश

ठिपके कारखान्यातल्या कॅमसाठी, कारखान्यातल्या चेनसाठी आणि न कापलेल्या ब्लॉकसाठी असतात. येथे कॅम घासलेला आहे आणि लाइन बोअरिंगही झालेले आहे. त्यामुळे ठिपका केवळ दात बरोबर आहे एवढेच सांगतो, त्यापुढचे काही सांगत नाही. म्हापसेकरांनी मोजायला घेतले हे योग्यच केले.

आता तीन उत्तरांकडे वळू. तुमच्या पद्धतीत दोन जागा अशा आहेत जिथे सुई मुळात हलतच नाही, आणि तुम्ही नेमक्या त्याच दोन जागा मोजण्यासाठी निवडल्या आहेत. पहिली जागा टी.डी.सी.ची. कॉनरॉडची लांबी स्ट्रोकच्या दुप्पट धरून गणित केले तर ७५ मि.मी. स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक टॉपपासून १ अंश सरकल्यावर पिस्टन फक्त ०.००७ मि.मी. खाली येतो. आपल्या डायल गेजवरची एक रेघ ०.०१ मि.मी.ची असते. म्हणजे संपूर्ण एक अंश एका रेघेच्या आत लपून जातो. दोन अंशांना ०.०२९ मि.मी., तीनला ०.०६४. त्यात नवीन पिस्टन बोअरमध्ये किंचित झुकतो, आणि गेजचे टोक गजन पिनच्या (पिस्टनला कॉनरॉडशी जोडणारी पिन) रेषेवर नसेल तर तो झुकावसुद्धा तुम्ही पिस्टनची चाल म्हणून वाचता. तेव्हा 'सुई थांबली' या शब्दाला टी.डी.सी.पाशी चार-पाच अंशांची रुंदी आहे.

याउलट टॉपपासून ३० अंशांवर पिस्टन सुमारे ६.२ मि.मी. खाली असतो आणि तेथे प्रत्येक अंशाला तो ०.४ मि.मी.ने सरकतो. एका रेघेपेक्षा कमी आणि चाळीस रेघा, एवढा हा फरक आहे. म्हणून टॉप कधीही टॉपवर शोधू नये. तो दोन्ही बाजूंनी दुरून शोधावा आणि मधोमध धरावा.

हेड नसल्यामुळे तुमचे काम सोपे आहे. बोअरवर आडवी बसेल अशी जाड लोखंडी पट्टी घ्या, हेडच्या बोल्टांच्या भोकांत ती दोन्ही टोकांना घट्ट आवळा आणि तिच्या मधोमध आटे पाडून एक बोल्ट खाली सोडा, म्हणजे पिस्टन टॉपच्या सहा-सात मि.मी. अलीकडे अडेल. बोल्टचे टोक गोलसर घासलेले असावे आणि ते गजन पिनच्या बरोबर वर टेकावे. क्रँक चालीच्या दिशेने हलक्या हाताने फिरवून पिस्टन टेकवा, अंश टिपा. मग उलट दिशेने पूर्ण फिरवून दुसऱ्या बाजूने टेकवा, अंश टिपा. दोन्ही आकडे सारखे येईपर्यंत काटा सरकवा. सारखे आले की तुमचा शून्य खरा. हेड बसवलेले असते तर हेच काम प्लगच्या भोकातून बसणाऱ्या स्टॉपरने केले असते. त्याला हवा जाण्यासाठी आरपार भोक ठेवावे लागते आणि रॉकर आधी ढिले करावे लागतात, नाहीतर स्टॉपरऐवजी व्हॉल्व्ह अडतो.

दुसरी जागा लोबच्या, म्हणजे कॅमवरच्या उंचवट्याच्या, शेंड्याची. तिथेही हाच आजार आहे आणि औषधही हेच. सर्वाधिक लिफ्टवर गेज शून्य करा, चालीच्या दिशेने फिरवत चढताना शेंड्याच्या १.२५ मि.मी. आधीचा अंश टिपा, उतरताना शेंड्यानंतर १.२५ मि.मी. खाली आल्यावरचा अंश टिपा, आणि दोहोंचा मध्य काढा. मात्र लोबच्या दोन्ही बाजू सारख्या नसतील, म्हणजे बंद होण्याची बाजू मुद्दाम सौम्य घासलेली असेल, तर हा मध्य फसवतो. तुमच्याकडे १ मि.मी. लिफ्टवरचे आकडे लिहून मिळाले आहेत, तेव्हा त्याच दोन क्षणांचे अंश घ्या. कागद ज्या भाषेत बोलतो त्याच भाषेत त्याला विचारावे.

जुना बार्जवाला

मी मांडवी आणि जुवारीवर लोहखनिजाच्या बार्जिसची इंजिने सांभाळण्यात आयुष्य घालवले. तिथे फ्लायव्हीलच्या कडेवरच अंश कोरलेले असत. एक मीटर व्यासाच्या चाकावर एक अंश जवळजवळ पावणेनऊ मि.मी.चा होतो, त्यामुळे चष्मा विसरला तरी चालत असे. म्हापसेकरांच्या चाकाचा व्यास किती आहे? वीस सें.मी.चे असेल तर एक अंश पावणेदोन मि.मी.चा, आणि तुमचा तारेचा काटा चाकापासून बोटभर दूर असेल तर डोके जरा डावीकडे-उजवीकडे झाले की एक अंश गेलाच. काटा चाकाला जवळजवळ चाटणारा, टोकदार आणि ब्लॉकलाच आवळलेला हवा. तो इंजिन स्टँडला किंवा टेबलाला बांधू नये, कारण पाना ओढताना स्टँड हलतो.

चाक कागदावर छापून घेतलेले असेल तर आधी फूटपट्टीने शून्यापासून १८० पर्यंतचा आणि ९० पासून ९० पर्यंतचा व्यास मोजून पाहा. झेरॉक्सच्या दुकानात वर्तुळाचे अंडे होऊन येते हे मी पाहिले आहे. आणि आपल्या पावसात प्लायवूडवर चिकटवलेला कागद दोन दिवसांत फुगतो. ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा ॲक्रिलिक घ्यावे.

आणखी एक. कॅमचे आकडे घेताना क्रँक फक्त चालीच्याच दिशेने फिरवायचा. हवा तो आकडा चुकून पुढे गेला की दोन अंश मागे येऊन तो 'पकडण्याचा' मोह होतो. तसे केले की चेनची ढिली बाजू ताणली जाते, ताणलेली ढिली होते, आणि तुम्ही कॅमऐवजी चेनचा सैलपणा मोजता. पुढे गेलात तर तीसेक अंश मागे जा आणि पुन्हा पुढे या. स्टॉपरच्या वेळी उलट फिरवले तरी बिघडत नाही, कारण तेव्हा चाक आणि पिस्टन दोन्ही क्रँकलाच बांधलेले असतात, मध्ये चेन येत नाही.

टॅपेटवर स्प्रिंगचा दाब नाही हेही ध्यानात ठेवा. नव्या तेलात टॅपेट चिकटून वरच राहते आणि उतरतीचे आकडे उशिरा येतात.

म्हापसेकर

काका, तुम्ही न पाहता सांगितलेत. चाक कागदाचे, प्लायवूडवर डकवलेले आणि व्यासात एका बाजूला दीड मि.मी. लांब निघाले. कडेला तर कागदाला फुगवटे आले होते. पणजीतल्या फलक बनवणाऱ्याकडून ३० सें.मी. व्यासाचे ॲक्रिलिकचे करून आणले. काटा सायकलच्या आऱ्याचा, घासून टोकदार केलेला, आणि तो पाण्याच्या पंपाच्या बोल्टखाली आवळला.

स्टॉपरची पट्टीही केली. माझ्या जुन्या शून्याप्रमाणे एकीकडे टी.डी.सी.च्या ३८ अंश आधी पिस्टन टेकला आणि दुसरीकडे ३४ अंश नंतर. म्हणजे माझा टॉप २ अंशांनी चुकलेला होता. काटा सरकवून दोन्हीकडे ३६ केले आणि पाच वेळा ताडून पाहिले, पाचही वेळा ३६.

पण यातून दिलासा मिळाला नाही. दुरुस्ती ज्या बाजूला झाली तिच्यामुळे आधीच्या प्रत्येक आकड्यात २ अंश मिळवावे लागतात, म्हणजे कॅम वाटला होता त्याहूनही मागे. आता चालीच्याच दिशेने, टॅपेटवर बोटाने हलका दाब ठेवून, इनलेट १ मि.मी. लिफ्टवर टी.डी.सी.नंतर १ अंशावर उघडतो आणि बी.डी.सी.नंतर ४१ अंशांवर बंद होतो. तीनदा मोजले, अर्ध्या अंशापलीकडे फरक नाही. मध्य १११ अंशांवर येतो, म्हणजे कागदापेक्षा ५ अंश मागे. इतके मोजल्यावर आता कॅम घासणाऱ्याला फोन करण्यास हरकत नसावी. त्याने लोब चुकीच्या कोनात घासला असे सरळ दिसते आहे.

शून्य दशांश

फोन अजून करू नका. तुमच्याच आकड्यांत दोन गोष्टी दडलेल्या आहेत.

उघडणे १ अंश नंतर आणि बंद होणे ४१ अंश नंतर, म्हणजे कालावधी २२० अंश. कागदावरही २२० आहे. लोबचा आकार त्याने जसा सांगितला तसाच घासला आहे, हे येथे सिद्ध झाले. उघडणे आणि बंद होणे दोन्ही सारखेच ५ अंशांनी उशिरा आहे, तेव्हा प्रश्न आकाराचा नसून जागेचा आहे.

आता एक्झॉस्ट मोजा. कागदावर काय आहे ते तुम्ही लिहिलेले नाही. घासताना इनलेटचा लोब कोनात चुकला असेल तर एक्झॉस्ट आपल्या जागी बरोबर राहील आणि दोन मध्यांमधले अंतर बदललेले दिसेल. पण दोन्ही लोब सारखेच मागे असतील तर अख्खा कॅमच मागे आहे, आणि त्याचे उत्तर कॅमच्या बाहेर, म्हणजे चेन, चकत्या किंवा चकती शाफ्टवर अडकवणारी चावी यांत शोधावे लागेल. पहिल्या सिलिंडरनंतर चौथाही मोजा. घासलेल्या कॅममध्ये लोबागणिक एखाद-दुसरा अंश इकडेतिकडे असू शकतो. मूळ वर्तुळावर, म्हणजे कॅमच्या उंचवटा नसलेल्या गोल भागावर, गेजची सुई डोलते का तेही पाहून घ्या, कारण तिथेच डोलत असेल तर १ मि.मी. कुठून मोजायचे हाच प्रश्न उभा राहतो.

म्हापसेकर

एक्झॉस्टचे कागदावरचे आकडे असे आहेत: बी.डी.सी.च्या ४० अंश आधी उघडतो आणि नेमका टी.डी.सी.वर बंद होतो. मध्य टी.डी.सी.च्या ११० अंश आधी. मोजल्यावर ३५ अंश आधी उघडला आणि टी.डी.सी.नंतर ५ अंशांवर बंद झाला. मध्य १०५ अंश आधी. इनलेटचे १११ आणि एक्झॉस्टचे १०५ यांची सरासरी १०८, आणि कागदावरच्या १०६ व ११० यांचीही सरासरी १०८.

चौथ्या सिलिंडरचे आकडे अर्ध्या अंशाच्या आत जुळले. मूळ वर्तुळावर सुई दोन रेघांहून अधिक डोलत नाही. त्या माणसाने काम चोख केले आहे. मी त्याला फोनवर काय बोलणार होतो ते आठवून जरा ओशाळलो.

जुना बार्जवाला

चेन जुनीच लावली आहे ना?

म्हापसेकर

जुनीच. हाताला ठीक वाटली.

जुना बार्जवाला

हाताला सगळ्याच ठीक वाटतात. गणित करून पाहा. पाऊण इंचाचा अर्धा, म्हणजे ९.५२५ मि.मी. पिचची चेन आणि १९ दातांची क्रँकची चकती धरली, तर चकतीची त्रिज्या सुमारे २९ मि.मी. येते आणि क्रँकचा एक अंश म्हणजे चेनचा साधारण अर्धा मि.मी. ताणलेली बाजू अडीच मि.मी. लांबली की पाच अंश गेले. पिना आणि बुश झिजल्यावर दर कडीमागे थोडे थोडे वाढते, आणि ही वाढ कॅमला नेहमी मागेच ढकलते, पुढे कधीच नाही. शिवाय लाइन बोअरिंगमध्ये क्रँक कॅमच्या दिशेने किंचित वर सरकला असेल तर त्याचाही हातभार त्याच दिशेला. चकत्यांचे दात बघा. आकड्यासारखे वाकलेले दिसले तर चेन एकटी बदलू नका.

कुडचडेकर

धागा वाचून माझ्या मारुती ८०० ची आठवण झाली. तिला चेन नाही, बेल्ट आहे. हेड दोनदा घासले गेले आहे आणि तेव्हापासून चढणीला दम खाते. खुणा बरोबर आहेत. हाच प्रकार असेल का?

शून्य दशांश

असू शकतो. तिच्यात कॅम हेडवर बसतो. हेड घासले की कॅम क्रँकच्या जवळ येतो, बेल्टची ताणलेली बाजू तेवढी सैल होते आणि क्रँक ती सैल ओढून घेईपर्यंत कॅम मागे पडतो. टेन्शनर दुसऱ्या बाजूला असतो, तो ढिलाई घेतो पण कोन सुधारत नाही. कॅमच्या चकतीचा व्यास १०० मि.मी. धरला तर अर्धा मि.मी. घासण्याने क्रँकचा जेमतेम सव्वा अंश जातो. तेवढ्याने गाडी दम खाणार नाही, तेव्हा आधी कॉम्प्रेशन मोजा. तुमच्या गाडीसाठी वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू.

म्हापसेकर

चकत्यांचे दात खरोखर वाकलेले होते. तिन्ही वस्तू नव्या मिळवण्यात नऊ दिवस गेले. मडगावच्या एका जुन्या दुकानदाराने माळ्यावरून पुडके काढले, त्यावरची धूळ पाहून ते माझ्या वयाचे असावे असे वाटले. नव्या चेनवर इनलेट टी.डी.सी.च्या दीड अंश आधी उघडला आणि बी.डी.सी.नंतर साडेअडतीस अंशांवर बंद झाला. मध्य १०८.५. पाचपैकी अडीच अंश चेनने परत दिले. उरलेले अडीच अंश असेच सोडावेत की सुधारावेत?

शून्य दशांश

मी सुधारले असते. कॅम मागे असला की इनलेट उशिरा बंद होतो, कमी वेगात आत आलेले मिश्रण थोडे परत ढकलले जाते आणि खालचा जोर कमी होतो. वरच्या वेगात त्याचा थोडा फायदा मिळतो, पण माणसे आणि सामान भरून चोर्ला घाट चढणाऱ्या पद्मिनीला वरच्या वेगाचा उपयोग काय? शिवाय नवीन चेन पहिल्या काही हजार किलोमीटरांत थोडी लांबणारच, तेव्हा मध्य १०५ ते १०५.५ वर ठेवला तर ती लांबून आपोआप १०६ च्या आसपास येईल.

क्रँकच्या नाकावरची चावी पायरीची, म्हणजे वरचा अर्धा भाग खालच्यापासून किंचित बाजूला सरकलेला अशी, करून घ्या. शाफ्टचा व्यास ३० मि.मी. असेल तर एक अंश म्हणजे परिघावर ०.२६ मि.मी., तीन अंशांना ०.७८. पायरी अशी हवी की चकती क्रँकच्या तुलनेत चालीच्या दिशेने पुढे सरकेल. चावी उलटी बसवली तर तीन अंश आणखी मागे जातील, आणि हे हमखास घडते, म्हणून बसवल्यावर पुन्हा मोजल्याशिवाय झाकण लावू नका.

जुना बार्जवाला

कॅम पुढे घेतला की इनलेट व्हॉल्व्ह पिस्टनच्या अधिक जवळ येतो. हेड बसवताना पिस्टनवर मुलांची रंगीत माती थापून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा, मग हेड काढून माती ब्लेडने कापून जाडी मोजा. इनलेटला २ मि.मी. आणि एक्झॉस्टला अडीच मि.मी. मोकळीक असावी. ती टॉपच्या क्षणी सर्वांत कमी नसते. इनलेटला ती टॉपनंतर दहाएक अंशांवर आणि एक्झॉस्टला तेवढीच आधी सर्वांत कमी होते, म्हणून टॉपवर थांबून अंदाज करू नये.

म्हापसेकर

चावी शाफ्टच्या मापाने करून घेतली. शाफ्ट ३० चाच निघाला. पहिल्यांदा ती उलटी बसवली, हे कबूल करतो. मध्य १११.५ दाखवू लागला तेव्हा शून्य दशांश यांचे वाक्य आठवले आणि एकटाच हसलो. उलटून बसवल्यावर इनलेट साडेचार अंश आधी उघडतो, साडेपस्तीस अंशांवर बंद होतो, मध्य १०५.५. मातीची जाडी इनलेटखाली ३.४ आणि एक्झॉस्टखाली ३.९ मि.मी. भरली. माती मुलीची होती, तिचा हिरवा हत्ती त्यात गेला.

डिस्ट्रिब्युटर कॅमवरूनच फिरत असल्यामुळे तोही तीन अंशांनी पुढे सरकला आहे, तेव्हा इग्निशन नव्याने लावेन. स्टॉपरने मिळालेला खरा टॉप पुलीवर पंचने ठोकून ठेवला आहे. जुनी खूण त्याच्यापासून दीड अंश दूर आहे. उद्या झाकण लावतो. चवथीला अजून बावीस दिवस आहेत.

फोंड्याचा पाना

म्हापसेकर, ती बोअरवर लावायची पट्टी आणि ॲक्रिलिकचे चाक आठवडाभर मिळेल का? एक बुलेट उघडून ठेवली आहे, तिचे दोन्ही कॅम बाहेरून घासून आणलेले आहेत. ठिपके जुळवले आहेत, पण आता बघूनच टाकतो.